घरगुती

आमच्या आईला समुद्राचं अप्रूप नाही. शिरोड्याजवळच्या एका वाडीत ती वाढली. मिठागरं, माडांची बनं आणि त्यांच्या पलीकडे दर्या. दर्यावर माणसं कामाला जात: मासळी आणायला, रापण ओढून वाटा मिळवायला, नारळी पुनवेला नारळ वाहायला. नुसतं बसायला कुणी जात नसे, आणि भर दुपारी तर नाहीच. आजोळच्या घराचं तोंडसुद्धा वाटेकडे होतं, दर्याकडे परसाची बाजू. त्यामुळे समुद्र दिसणाऱ्या खोलीला जादा भाडं पडतं हे कळल्यावर तिने विचारलं, “वारो खावचे पैशे घेतत?”

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दक्षिण गोव्यात साष्टीच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये चार रात्री राहिलो. आई, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, मी आणि माझी लेक. मनगटावर कागदी पट्टे, तिन्ही वेळचं जेवण बुफेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पोहण्याचा तलाव. मुलं चारही दिवस त्या तलावातून बाहेर आली नाहीत. गोड्या पाण्यात डुंबायला आपण अरबी समुद्रापर्यंत का आलो, हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी सोडून दिला.

दादाने मात्र काहीच सोडलं नाही. त्याची तक्रार पहिल्या संध्याकाळीच सुरू झाली. इथे सगळं कृत्रिम. गोव्यात येऊन पनीर मखनी कसली खायची? यापेक्षा तारकर्लीला गेलो असतो तर अस्सल कोकण मिळालं असतं, घरगुती जेवण, घरगुती माणसं. हे तो सुरमईचा तुकडा वाढून घेताना बोलत होता, पण ते असो. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि आपल्यातल्या बहुतेकांचं हेच म्हणणं असतं. मासिकांतून, प्रवासवर्णनांतून, जेवणानंतरच्या गप्पांतून रिसॉर्ट म्हणजे पैशाचा माज आणि घरगुती निवास म्हणजे संस्कृती, अशी विभागणी आपण केव्हाच करून टाकलेली आहे. मीही तेच मानत आले होते. आई पहिल्या रात्री झोपताना जे बोलली ते ऐकेपर्यंत.

“उद्या काय रांधूचा, ह्यो इचार आज पयल्यांदाच डोक्यात इलो नाय.”

आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती.

समुद्रकिनारी जाऊन विसावा घ्यायचा, ही कल्पना फार जुनी नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राचं पाणी हे औषध ठरवलं, प्यायलाही आणि डुंबायलाही, आणि ब्रायटनला श्रीमंत रुग्णांची रीघ लागली. कष्टकऱ्यांना समुद्र गवसायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. १९३६ मध्ये फ्रान्समधल्या आघाडी सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि आयुष्यात कधी समुद्र न पाहिलेली कुटुंबं किनाऱ्यांकडे निघाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात तरतूद होती: वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. सुट्टी ही चैन नाही, ती कामातून कमावलेली गोष्ट आहे, हा मोठा विचार या कायद्यांनी रुजवला. त्यात एक फट राहिली. ज्या कामाला पगार नाही त्याला भरपगारी रजा कुठून मिळणार? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांची ९७. पाच तासांना एक मिनिट कमी, रविवार धरून. आणि या आकड्यात उद्या काय करायचं याचा विचार धरलेला नाही. तो घड्याळात मोजता येत नाही.

माझ्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या आठवून पाहिल्या. माथेरानला खोली घेतली तर स्टो बरोबर. गावी गेलं तर वीस माणसांचा रांधा. गणपतीला तर बोलायलाच नको. वडिलांची रजा मंजूर व्हायची, आईची फक्त बदली व्हायची, एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर.

पन्नासच्या दशकात क्लब मेड या सहल-कंपनीने सगळ्या सुट्टीची किंमत एकदाच आगाऊ घ्यायची पद्धत रूढ केली. जेरार ब्लित्झ या बेल्जियन माणसाने १९५० मध्ये माजोर्का बेटावर तंबू ठोकून सुरुवात केली. पुढे तिथे पैशांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालू लागले. पाहुण्याला पैशाचा विसर पडावा, ही त्यातली युक्ती. आमच्या मनगटावरचा कागदी पट्टा त्या मण्यांचाच वंशज. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त आहे: पाहुणा आवाराबाहेर पडत नाही, गावात पैसा झिरपत नाही, जगातला कुठलाही किनारा दुसऱ्यासारखाच दिसू लागतो. पण माणसं नेमकं काय विकत घेतात, हे या टीकेत येत नाही. समुद्र तर नव्हेच. समुद्र विकायला कुणाकडेच नाही. ‘आमचा खासगी किनारा’ असं जाहिरातीत कितीही छापलं तरी भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांची. दोना पावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्याकडे जाणारी वाट एका हॉटेलच्या बांधकामाने अडवली म्हणून गोव्यातली माणसं वर्षानुवर्षं कोर्टात लढली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, किनारा ही जनतेची ठेव आहे हे तत्त्व मान्य केलं. त्यानंतर राज्य सरकारने भूसंपादनाचा कायदाच दुरुस्त करून बांधकाम वाचवलं, हा भाग वेगळा आणि लाजिरवाणा. मुद्दा एवढाच, की वाळू, वारा, लाटा फुकट आहेत. भाडं पडतं ते दुसऱ्याच्या हातांचं. अंथरूण कुणीतरी घालायचं, कुणीतरी रांधायचं, कुणीतरी खरकटं काढायचं, आणि ते आपल्या घरातल्या बाईने करायचं नाही.

तारकर्लीला आम्ही त्याआधी एकदा गेलो होतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, मग निवास-न्याहारीच्या योजना आल्या, आणि किनाऱ्यावरच्या घरांनी मागच्या अंगणात दोन-दोन खोल्या काढल्या. आम्ही उतरलो त्या घरची वहिनी पहाटे घावणे घालायला बसायची आणि रात्री अकराला शेवटच्या पंगतीची भांडी विसळायची. रात्री दहाला दादाने आणखी दोन भाकऱ्या मागितल्या. तिने विझवलेली चूल पुन्हा पेटवली. “घरच्यासारखं आहे अगदी,” दादा म्हणाला. खरंच होतं. घरच्यासारखंच ती शेवटी जेवत होती. खोल्यांचे पैसे तिचा नवरा वहीत मांडत होता. तिच्या कामाचा त्या वहीत रकाना नव्हता. आणि आमची आई? ती दुसऱ्या दिवशी उठून त्या स्वयंपाकघरात गेली आणि विळीवर नारळ खवायला बसली. दुसऱ्या बाईला एकटीने राबताना बघत ताटावर बसणं तिला जमणारं नव्हतं. ‘घरगुती’ या शब्दाची चव आपल्याला लागते ती याच्यामुळे: त्यातल्या मजुरीचं बिल लागलेलं नसतं. असंही घर असेल जिथे ती बाई स्वतः धंदा चालवते, हाताखाली बाया ठेवते, रात्री नऊनंतर जेवण नाही अशी पाटी लावते. तिथे मी आनंदाने जाईन. दादाला ती पाटी घरगुती वाटणार नाही, अशी मला शंका आहे.

म्हणून रिसॉर्ट निर्दोष ठरत नाही. आमच्या खोल्या आवरायला येणारी बाई कारवारकडची होती. आई तिच्याशी कोकणीत बोलू लागली, अर्थात त्याआधी आईने पलंगाच्या चादरी घडी करून, मोरी पुसून ठेवलेली होती. ती बाई संकोचली. आजीनेच सगळं केलं तर माझं काम काय, असं हसत म्हणाली, पण तिच्या हसण्यात धास्तीही असावी. तपासायला वरिष्ठ येत असणार. बोलता बोलता कळलं की ती कंत्राटी आहे, पावसाळ्यात घरी बसवतात. हंगामी माणसाचे रजेला लागणारे दिवस भरायचे कधी? किनाऱ्यावर जातेस का, असं आईने विचारलं. ड्युटीवर असताना पाहुण्यांच्या बाजूला फिरकायचं नाही, असं उत्तर आलं. ज्या वाळूवर कुणाचीच मालकी नाही, ती फक्त तिला बंद होती.

मला हे टोचलं. मी मनातल्या मनात दादाचं म्हणणं मान्य करायच्या बेतात होते. आईने दुसरंच काहीतरी ऐकलं होतं.

“चार वाजता सुटतंस?” तिने विचारलं.

ती हो म्हणाली.

“मगे पुढे?”

पुढे काय, घरी. घरी सासू आहे, दोन पोरं आहेत, स्वयंपाक आहे. दोघी हसल्या. पण आईच्या चेहऱ्यावर ‘चार’ या आकड्याबद्दल जे उमटलं त्याला मी हेवा म्हणेन. काम संपण्याची वेळ असणं, हे तिला ऐश्वर्य वाटलं. पगार कमी, कंत्राट, बंद किनारा, हे सगळं त्या बाईच्या वाट्याला होतं आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण भांडता येतं. वहीत नाव असलेल्या माणसाचा पगार वाढवून मागता येतो, रजा मागता येते. तारकर्लीच्या वहिनीने कुणाकडे काय मागायचं?

शेवटच्या सकाळी आई एकटीच किनाऱ्यावर जाऊन बसली. तासभर. काय केलंस विचारलं तर म्हणाली, “काय नाय. बसलंय.” परत येताना तिच्या ओच्यात एकही शिंपला नव्हता.

घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. दादाने पंखा लावला, सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, “आता काही घाट घालू नका. साधंच काहीतरी करा. खिचडी चालेल.” आई खुर्चीतून उठली नाही. मी पहिल्यांदाच तिला त्या वेळी, त्या वाक्यानंतर, बसून राहिलेली पाहिली. वहिनीने पर्स खुंटीला लावली आणि ती ओट्याकडे गेली. मी बाल्कनीत मुलांच्या कपड्यांतली वाळू झटकत होते. आतून नळाचा आवाज आला, मग खुर्चीतून आईचा.

“तांदूळ दोनदा धू गो.”