परसातलं अळू

आपल्या माणगावकडच्या जुन्या घरांच्या मागे मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे अळू हमखास दिसतं. शेजारी एखादी केळ. बाग म्हणून कुणी ती आखलेली नसते; पाणी वाया का घालवायचं, एवढाच हिशेब. पूर्वी भांडी राखेने घासत, म्हणून ते पाणी चालायचं. आता साबणाचं पाणी नको, तांदूळ-डाळ धुतलेलं घाला.

वडीचं अळू काळपट देठाचं, जाड पानाचं; भाजीचं हिरव्या देठाचं. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. म्हणून चिंचेचा कोळ किंवा आमसूल, आणि नीट शिजवणं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या बायका हे करत होत्या, कुठेही न वाचता.

आता बऱ्याच जणांना परस उरलेलं नाही. पण तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडून, माती-शेणखत भरून अळूचा कांदा लावला, तरी गॅलरीत ते छान येतं. शोभेची महागडी झाडं आणण्यापेक्षा मला तर ही रुंद, डोलणारी पानंच देखणी वाटतात. शिवाय ती खाता येतात! कापताना बाहेरचं जून पान घ्यावं, मधली कोवळी सुरळी राहू द्यावी. श्रावणात चार-पाच पानं जमली की वडीचा एक उंडा होतो. सगळ्यात मोठं पान खाली, पालथं ठेवायचं आणि पीठ शिरांच्या बाजूने लावायचं.