दोष दिसला नाही, म्हणजे दोष नाही?

जून २०२४मध्ये किआ कंपनीने अमेरिकेत विकलेल्या टेल्युराइड या मोठ्या एसयूव्हीच्या ४,६२,८६९ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पुढच्या सीटची मोटर तापून गाडी पेटू शकते, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत ती घरापासून दूर, उघड्यावर उभी करा, असे मालकांना सांगण्यात आले. कारण ऐकायला किरकोळ होते. सीट मागेपुढे सरकवण्याचे बटण बाजूच्या आवरणाला धक्का लागल्यास अडकू शकत होते, आणि ते अडकले की मोटरला वीज मिळतच राहायची. तोवर नोंदल्या गेलेल्या घटना म्हणजे सीटखाली लागलेली एक आग आणि मोटरचा भाग वितळल्याचे सहा प्रकार. जखमी कोणी नाही. सुमारे ६६ हजार गाड्यांमागे एक घटना. आता या सातांपैकी पहिला मालक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभा राहून ‘सीटखालून जळका वास येतो’ असे सांगतो आहे, असे धरून चालू. समोरच्या माणसाने अशा कित्येक सीट उघडल्या आहेत आणि एकही जळलेली नव्हती. त्याने काय मानावे? प्रश्न मोटारदुरुस्तीचा वाटतो खरा, पण तो ज्ञानशास्त्राचा आहे. एकानेच अनुभवलेली, दुसऱ्या कोणाला न दिसलेली गोष्ट खरी मानायची का, आणि ती सिद्ध करण्याचा भार कोणी उचलायचा? आज हा भार सरसकट सांगणाऱ्यावर टाकला जातो. तो तिथे का नसावा, याची कारणे आपल्याकडच्या जुन्या प्रमाणचर्चेत फार नेमकेपणाने मांडलेली आहेत.

विजेचे बिघाड येतात आणि जातात, हा त्यांचा स्वभावच. पुढच्या सीटखालून एअरबॅगच्या, सीटबेल्टच्या, मोटरच्या वायरी जातात. सीट सरकली की त्या ताणतात. कनेक्टर किंचित ढिला असेल तर डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि पुढच्या खड्ड्यात विझतोही. अर्थिंगच्या जागी गंज चढलेला असेल किंवा वायरीचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून सोलले गेले असेल, तर बिघाड ठरावीक उष्णतेत, ठरावीक हादऱ्याला, पावसाळ्यातल्या दमट सकाळीच डोके वर काढतो. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये पोचते तेव्हा यातले काहीच जमून आलेले नसते. मेकॅनिक स्कॅनर लावतो, एक चक्कर मारून आणतो आणि जॉब कार्डावर लिहिले जाते, ‘तपासले, दोष आढळला नाही.’ वाक्य खरे आहे आणि लिहिणारा प्रामाणिक आहे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर, जेव्हा या वाक्याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेतला जातो आणि मालकाच्या हातात किल्ली ठेवली जाते.

न दिसण्यावरून नसणे कधी ठरवता येते, यावर सातव्या शतकात कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेने आणि धर्मकीर्तीच्या बौद्ध परंपरेने कसून विचार केला. एरवी दोघे एकमेकांचे कट्टर प्रतिपक्षी. कुमारिलांच्या मते अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे वेगळे साधन, धर्मकीर्तींच्या मते ते अनुमानच. पण एका अटीवर दोन्ही परंपरा एकत्र येतात: जी वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, तिच्याच न दिसण्यावरून ती नाही असे म्हणता येते. लख्ख उजेडात समोरच्या जमिनीवर घडा दिसत नसेल, तर घडा नाही. पण पिशाच दिसत नाही म्हणून इथे पिशाच नाही, असे सिद्ध होत नाही; कारण ते असते तरी दिसले नसते. (पिशाचावर विश्वास असण्या-नसण्याशी या युक्तिवादाचा काही संबंध नाही.) या अटीला योग्यता म्हणतात. सर्व्हिस सेंटरच्या निष्कर्षाला हीच कसोटी लावून पाहा. बिघाड चाळीस मिनिटांच्या घाटातल्या प्रवासानंतर, सीट पूर्ण मागे घेतल्यावर होत असेल आणि तपासणी थंड इंजिनवर, सीट मधोमध ठेवून झाली असेल, तर बिघाड असता तरी तो दिसला नसता. मग त्या न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘आढळला नाही’ हे विधान ‘नाही’ या अर्थाने वापरायचे, तर तपासणाऱ्याने आधी एवढे दाखवावे, की दोष असता तर तो या तपासणीत आढळलाच असता. सिद्धतेचा भार इथे त्याच्याकडे सरकतो, आणि तो ग्राहकावर दया म्हणून सरकत नाही. तर्काचीच ती मागणी आहे.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूला मालकाचे सांगणे आहे. न्यायदर्शनाने शब्दाला, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्याला, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पंगतीला बसवले. असा विश्वासार्ह माणूस, म्हणजे आप्त, कोण? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे तो असेही म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. ही फार मोठी गोष्ट आहे. आप्तपण पदवीवर, गणवेशावर किंवा कुळावर ठरत नाही. त्या विषयाशी आलेल्या थेट संबंधावर ठरते. सीटखालून येणाऱ्या वासाच्या बाबतीत रोज दोन तास त्या सीटवर बसणारा माणूस आप्त आहे, आणि पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला मेकॅनिक, जो त्या वेळी तिथे नव्हता, तो या एका मुद्द्यापुरता नाही. कुमारिल आणखी एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण मानायचे. ते सोडायचे दोनच प्रसंगी, विरुद्ध ज्ञान पुढे आले तर किंवा ज्या साधनाने ते झाले त्यातच दोष सापडला तर. वेदांच्या रक्षणासाठी घडवलेले हे शस्त्र मोटारीच्या तक्रारीसाठी वापरणे कुमारिलांना आवडले नसते. पण कसोटी चोख आहे. मालक खोटे बोलतो किंवा त्याला वास येतच नाही, असे दाखवा. अथवा योग्यतेची अट पाळणारी तपासणी करून उलट ज्ञान समोर ठेवा. यांपैकी एकही नसेल, तर त्याचे म्हणणे उभेच राहते.

यावर पहिला आक्षेप संख्येचा. लाखो सीट नीट चालत असताना एकाचे ऐकायचे का? तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्कारांविषयी नेमका हाच प्रश्न विचारला: सर्वांच्या एकसारख्या अनुभवाविरुद्ध एखादा साक्ष देत असेल, तर त्याची साक्ष खोटी असणे आणि ती घटना घडलेली असणे, यांत अधिक असंभव काय, हे तोलून पाहा. पण ह्यूमच्या त्याच निबंधात एक हिंदी राजपुत्र आहे, जो थंडीने पाणी गोठते हे ऐकून विश्वास ठेवायला तयार होत नाही. त्या राजपुत्राचा तर्क त्याच्या अनुभवापुरता बरोबर होता, असे ह्यूम म्हणतो. मला हा ह्यूमचा कमकुवत भाग वाटतो. राजपुत्राचा अनुभव उष्ण प्रदेशापुरता होता आणि थंड प्रदेशाबद्दल तो काहीच सांगत नव्हता. कोऱ्या, धक्का न लागलेल्या सीटचा अनुभवही अडकलेल्या बटणाबद्दल मौनच पाळतो. शिवाय यंत्र बिघडणे हा चमत्कार नाही. निसर्गनियम मोडल्याचा दावा आणि प्लास्टिकचे बटण अडकल्याचा दावा एकाच तराजूत घालता येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्याच्या बाजूने इतिहास उभा आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑडी ५००० गाड्यांच्या अनेक मालकांनी ठामपणे सांगितले, की आमचा पाय ब्रेकवर होता तरी गाडी उसळली. सरकारी अभ्यासाने १९८९मध्ये निष्कर्ष काढला, की बहुतेक वेळा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. टोयोटाविषयी अशाच तक्रारी वाढल्यावर नासाच्या अभियंत्यांनी गाड्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासली आणि २०११च्या अहवालानुसार अशा बेफाम वेगाला जबाबदार ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. अडकणारे पॅडल आणि पायाखाली सरकणारी मॅट हे दोष मात्र खरे निघाले. (२०१३मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने सॉफ्टवेअर तज्ज्ञाची साक्ष ऐकून टोयोटाविरुद्ध निकाल दिला, तेव्हा वाद पुरता मिटला असेही म्हणवत नाही.) प्रामाणिक माणसे एकमुखाने चुकू शकतात, हे यातून मान्य करावेच लागते. पण ती कशात चुकली ते पाहावे. गाडी उसळली हे खरेच होते. चुकले ते पाय कुठे होता याबद्दलचे गृहीत आणि त्यावरून केलेले कारणाचे निदान. तक्रारीत बहुधा दोन थर मिसळलेले असतात: जे घडले त्याचे सांगणे, आणि ते का घडले याचा अंदाज. ‘सीट गरम होते’ हा पहिला थर, ‘वायरिंग खराब आहे’ हा दुसरा. शब्दप्रमाणाचा मान पहिल्या थराला आहे. दुसरा अनुमानाच्या कसोटीला लागतो, आणि तिथे मेकॅनिकचा शब्द मोठा. काउंटरवर बरेचदा उलटे होते. मालकाचे निदान चुकले की त्याचा अनुभवही खोटा ठरवला जातो.

फसवणुकीचा आणि खर्चाचा मुद्दा इथे कोणीतरी काढणारच. वॉरंटीत फुकट भाग मिळवायला खोटे बोलणारे असतात, आणि एका बातमीनंतर सगळ्यांच्याच सीट तापू लागतात. पण एखाद्यावर विश्वास ठेवणे म्हणजे त्याला गाडी बदलून देणे नव्हे. विश्वासाने एवढेच बंधन येते, की शोध संपला असे म्हणायचे नाही आणि तक्रार त्याच्या शब्दांत नोंदवून ठेवायची. बातमीच्या संसर्गावर तोडगा साक्षींच्या स्वतंत्रतेत आहे: बातमी फुटण्याआधीच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्या पाच तक्रारी नंतरच्या पाचशेंपेक्षा वजनदार. फोर्ड एक्स्प्लोरर एसयूव्हीच्या फायरस्टोन टायरांचे प्रकरण हेच शिकवते. टायरचा थर सुटल्याच्या २१ घटना स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या एका संशोधकाला दाव्यांच्या फायलींत दिसल्या आणि त्याने १९९८मध्ये सरकारी यंत्रणेला त्या कळवल्या. तेव्हा कुठेही गाजावाजा नव्हता. विमेदारांना एकमेकांची खबरही नव्हती. चौकशी उघडली गेली २००० सालच्या मे महिन्यात, आणि ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. मृतांचा आकडा तोवर वाढत गेला होता. एकवीस ही संख्या त्या वेळी लहान वाटली, कारण तिला लाखो टायरांनी भागून पाहिले गेले. २१ परस्परांपासून सुटे साक्षीदार म्हणून कोणी ती वाचली नाही.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्यात ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार करणे हा एक मार्ग आहे. चाचणी संस्थेचा अहवाल किंवा अन्य स्रोत हे दुसरे मार्गही आहेत, हे नोंदवायला हवे. संख्येच्या अटीला माझा विरोध नाही. मात्र ती पुरी झाली नाही म्हणजे दोष नाही, असा अर्थ निघू लागला तर योग्यतेचीच चूक कायद्याच्या भाषेत पुन्हा घडते. कंपन्यांनी मनावर घेतल्यास संख्या पुरी होण्याची वाट पाहावी लागत नाही. महिंद्राने ऑगस्ट २०२३मध्ये चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७००च्या १,०८,३०६ गाड्या इंजिनजवळची वायरिंग घासून कापली जाण्याच्या शक्यतेमुळे तपासणीसाठी बोलावल्या. शक्यतेमुळे, हा शब्द महत्त्वाचा. न्यायालयानेही भार कुठे असावा याचा एक दाखला घालून दिला आहे. २०१७मध्ये दिल्ली–पानिपत महामार्गावर एका ह्युंदाई क्रेटाला अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. धडकेच्या जोराचा हिशेब मांडायला ग्राहक भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ असावा, अशी अपेक्षा करता येणार नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने २०२२मध्ये नोंदवले आणि मालकाच्या बाजूचा आदेश कायम ठेवला. समोरून जबर धडक बसली आणि एअरबॅग उघडली नाही, एवढे दाखवणे मालकाचे काम. ती का उघडली नाही, हे ज्याने बनवली त्याने सांगावे.

एक आक्षेप उरतो, आणि तो दिवसेंदिवस बळावत जाणार आहे. आता माणसाच्या साक्षीची गरजच काय, गाडीच आपला बिघाड नोंदवून ठेवते. स्कॅनर कोड दाखवत नसेल तर बोलणे संपले. इथे साक्षीदार बदलला, पण प्रश्न तसाच राहिला. गाडीचा संगणक तेच दोष नोंदवतो जे दोष म्हणून ओळखायला त्याला शिकवले आहे, आणि शिकवणारा तोच असतो ज्याने गाडी बनवली. वात्स्यायनाच्या दोन अटींतली पहिली, म्हणजे ती गोष्ट जाणलेली असणे, या साक्षीदाराबाबत प्रत्येक वेळी तपासून घ्यावी लागते. टेल्युराइडचेच पाहा. अडकलेले बटण आणि बोटाने दाबून धरलेले बटण यांत विजेच्या लेखी काही फरक नाही. दोन्ही वेळा परिपथ जोडलेला असतो आणि मोटरला चालण्याचा हुकूम मिळत असतो. त्या सीटवर आता कोणी बटण दाबत नाहीये, हे फक्त सीटवर बसलेल्यालाच ठाऊक असते.