मंदिरातील मुले व शाळेबाहेरील मुले



मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. प्रभू येशू यरुशलेमेच्या मंदिरात असता मुले मोठ्याने त्याचा जयघोष करू लागली. मुख्य याजक व शास्त्री ह्यांस त्याचा राग आला व त्यांनी प्रभूकडे गाऱ्हाणे केले. परंतु प्रभूने मुलांस गप्प केले नाही; शास्त्राचा आधार देऊन त्याने त्यांचीच बाजू घेतली.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण असे की, दूरदेशींच्या युद्धांच्या बातम्या आता वाशिंदच्या आसपासच्या पाड्यांतही मोबाइलवर तत्काळ येतात. पडलेल्या शाळा व मेलेली बालके आपली मुले रोज पाहतात. त्या दुःखाने उद्या कोणी वर्ग सोडून बाहेर उभे राहिले, तर आईबापांनी व मंडळीने काय करावे?

ही गोष्ट नवी नव्हे. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्रज सरकारने येथील लोकांस न विचारता हा देश महायुद्धात ओढला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ठिकठिकाणचे विद्यार्थी शाळा सोडून बाहेर पडले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर गोळीबार होऊन पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती मरण पावले. आपल्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील मारले गेले. तेव्हा जगाचे युद्ध आपल्या डोंगरांपासून दूर असते असे समजू नये. पुढे मार्च २००३ मध्ये इराकच्या युद्धाविरुद्ध खुद्द ब्रिटनमधील शाळकरी मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली.

ह्यावरून आम्ही दोन बोध घेतो. मुलांची कळकळ हा पोरखेळ नव्हे. आणि तिची किंमत फार मोठी असू शकते, म्हणून त्यांस एकटे सोडणे आपणांस शोभत नाही.

तर प्रथम त्यांचे ऐकावे. बारा वर्षांचा येशू गुरुजनांमध्ये बसून ऐकत व प्रश्न करीत होता, आणि त्यांनी त्यास हाकलून दिले नाही. तोच येशू पुढे नासरेथास जाऊन आईबापांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न विचारणे व आज्ञेत राहणे ही दोन्ही एकाच मुलात नांदू शकतात. म्हणून काठी उचलण्यापूर्वी मुलास विचारा: कोठे काय घडले, आणि तुला हे कोणी सांगितले? मोबाइलवरील प्रत्येक चित्र खरे नसते, हेही त्यास प्रेमाने दाखवा.

दुसरे, मुख्याध्यापकांस आधी भेटून शाळेच्या आवारातच थोडा वेळ मौन पाळण्याची परवानगी मागावी. महामार्ग व रेल्वेचे रूळ ह्यांकडे मुलांस जाऊ देऊ नये. कोणी वडीलधारा त्यांच्याजवळ उभा राहावा.

तिसरे, जो बाहेर गेला त्यास उनाड म्हणू नये व जो वर्गात बसला त्यास भित्रा म्हणू देऊ नये. तसेच शेजाऱ्याच्या धर्माचा द्वेष ह्या निमित्ताने कोणाच्या मुखी येऊ नये. दोन्ही बाजूंची मेलेली लेकरे देवाचीच आहेत.

चौथे, शाळेतून बोलावणे आले तर अक्षरओळख नसलेल्या बापास एकट्याने जाण्याची भीती वाटते. मंडळीच्या वडिलांनी त्याच्याबरोबर जावे, नम्रतेने बोलावे. आणि बुडालेला पाठ उपदेशकाने सायंकाळी करून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. पुष्कळ घरांत शाळेची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी आहे. एका दिवसाचा हा प्रसंग निमित्त करून कोणी आपल्या मुलीचे नाव शाळेतून काढू नये. ती एक तास बाहेर उभी राहिली, ह्याची शिक्षा जन्मभराचे अज्ञान ही असू शकत नाही. जी मुलगी परक्या देशातील लेकरांसाठी रडते, तिच्या हातून आपल्या गावाचेही कल्याण होईल. तिची शाळा राखणे हे आपले काम आहे.

येत्या रविवारी प्रत्येक मंडळीने आपल्या विद्यार्थ्यांस पुढे बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, व मग युद्धात सापडलेल्या बालकांसाठी त्यांच्यासह प्रार्थना करावी. शांतीचा देव तुम्हांबरोबर असो. आमेन.