स्वीकार म्हणजे वचन

शब्द दिला की तो पाळायचा, हा नियम माणसांपुरताच आहे का? बाहेरून येणारी पत्रे घेणाऱ्या मेल सर्व्हरकडे पाहिले की हा प्रश्न नव्याने उभा राहतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपी या ईमेल पोहोचवण्याच्या पद्धतीच्या नियमांनुसार, संपूर्ण पत्र हाती आल्यावर घेणारा सर्व्हर ‘२५०’ असे उत्तर देतो. त्या क्षणी जबाबदारी त्याच्याकडे येते: पत्र पोहोचवायचे, नाहीतर पोहोचले नाही हे पाठवणाऱ्याला कळवायचे. म्हणूनच पोस्टफिक्स नावाचा मेल सर्व्हर हा आकडा उच्चारण्यापूर्वी पत्र डिस्कवर लिहून घेतो. मध्येच वीज गेली तरी शब्द मोडू नये.

कोणी म्हणेल, यंत्राला कसले आले वचन? खरे आहे, वचन यंत्राचे नाही, ते जुळवणाऱ्याचे आहे. कॉन्फिगरेशनमधली प्रत्येक ओळ म्हणजे त्याने अनोळखी माणसाला आधीच दिलेला शब्द. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, आणि परतीचे पत्र भलत्याच निरपराध माणसाच्या माथी पडते. पण म्हणून घेतलेले पत्र मुकाट्याने फेकण्याचा परवाना मिळत नाही. उलट, दारातच पारखण्याचे कर्तव्य वाढते. पत्र ज्याच्या नावे आले तो पत्ताच आपल्याकडे नसेल, तर पत्र हाती घेण्याआधी ‘५५०’ सांगावे. अडचण तात्पुरती असेल, तर ‘४५०’, म्हणजे नंतर या. स्पष्ट नकार मिळालेला माणूस दुसरी वाट शोधतो. खोट्या होकाराने ती वाटच बुजते. नाकारण्यात अधर्म नाही. ‘घेतले’ म्हणून टाकून देण्यात आहे.