हवालदाराला शाल

परवा मंडळाच्या बैठकीत भांडण झालं. एका हवालदाराला 14 एप्रिलला स्टेजवर बोलवून शाल आणि संविधानाची प्रत द्यायची की नाही, एवढाच विषय. अर्धी पोरं म्हणाली, द्यायलाच पाहिजे. अर्धी म्हणाली, पोलिसाला शाल? रमाबाई नगर विसरलात काय? मी गप्प बसलो. दिवसभर भातगिरणीत तूस-कोंडा खाल्लेला घसा, आणि उत्तर तर डोक्यातही नव्हतं. आता लिहितोय, कारण कागदावर मला कुणी मधेच तोडत नाही.

आधी घडलं ते सांगतो. आमच्या वाडीतली काकी काजूच्या बागेत कामाला जाते. मजुरी मागितली म्हणून बागवाल्यानं चार माणसांत तिला जातीवरून शिवी घातली आणि काठीनं मारलं. आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "ह्यात जातीचं कशाला घालता? एनसी करून टाक." साहेब जेवायला गेले. हवालदारानं कागद पुढं ओढला. "काकी, तो काय बोलला तोच शब्द सांगा. लाजू नका. मी लिवतो तसाच." लिहिलं. मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, अंगठा घेतला, नक्कल हातात दिली. पुढं डीवायएसपी आले, तपास झाला, दोषारोपपत्र कोर्टात गेलं. हवालदाराची महिन्याभरात बदली झाली. कशासाठी, ते कुठल्या कागदावर नाही. तो आपल्यातला नाही, हेही सांगून टाकतो, कारण बैठकीत पोरांनी पहिलं तेच विचारलं.

आता मुद्दा असा. त्यानं जे केलं ते सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. अॅट्रॉसिटी कायदा 1989 चा. 2015 च्या दुरुस्तीनंतर त्याचं कलम 4 स्पष्ट सांगतं : तोंडी तक्रार लिहून घ्या, सही घेण्याआधी वाचून दाखवा, नक्कल द्या. सरकारी नोकरानं जाणूनबुजून टाळलं तर सहा महिने ते एक वर्ष कैद. म्हणजे न करणं गुन्हा. मग करणं पराक्रम कसा? गिरणीत मी माप मारत नाही, म्हणून मला कोण शाल देतो? हक्काच्या गोष्टीला हार घातला की तिचा उपकार होतो. आणि उपकाराखाली आपल्या पिढ्या वाकल्या.

सरकार काय करतं बघा. 1 मेला जिल्ह्याजिल्ह्याच्या परेड ग्राउंडवर पोलिसांच्या छातीला महासंचालकांचं बोधचिन्ह लागतं. त्याच सकाळी मुंबईत हुतात्मा चौकात फुलं वाहतात. ती कुणाला? संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्याच गोळ्यांनी पडलेल्यांना. एकाच तारखेला दोन्ही, आणि कुणाला अडखळायला होत नाही. चांगल्या तपासासाठी दिल्लीनं 2018 साली वेगळं पदक काढलं, 2024 ला ते दक्षता पदकात मिसळलं. पदक असू दे. पण 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसं मेली, आणि त्या तुकडीच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयानं जन्मठेप द्यायला 2009 उजाडलं. बारा वर्षं. हे आठवलं की टाळी वाजवायला उचललेला हात तिथंच थांबतो.

मग तुकाराम ओंबळे आठवतात. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात नुसती काठी. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी धरली ती मरेपर्यंत सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला. 2009 ला अशोकचक्र मिळालं, मेल्यावर. तिथं मी 'ड्युटीच होती' म्हणू शकत नाही. म्हटलं तर माझीच जीभ झडेल. म्हणजे ड्युटी आणि सन्मान यांच्यामधे काहीतरी आहे. मला वाटतं, ती किंमत आहे. माणसानं पदरचं काय मोडलं, ती. ओंबळ्यांनी जीव दिला. आमच्या हवालदाराची बदली झाली, पोरांची शाळा मोडली.

आणि तपास हे काम आपल्याला नवीन नाही, मित्रांनो. वतनाच्या काळात चोराचा माग कोण काढत होतं? गावचा महार. मढ्याची राखण, सरकारी पैसा पोचवणं, रात्रीची गस्त, सगळं त्याच्याच अंगावर. मोबदला बलुत्याचे दाणे नि शिळी भाकर. ते वतन बदलायला बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 ला मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. पुढं स्टार्ट समितीवर बसून 1930 च्या अहवालात अस्पृश्यांना पोलिसात घ्या, ही शिफारस आणली. त्यांनी पोलिसाकडं पाठ फिरवली नाही, खुर्ची मागितली. आमच्या आज्याच्या आज्यानं माग काढला, पण पंचनाम्यात त्याचं नाव साक्षीदार म्हणूनसुद्धा नसेल.

अॅट्रॉसिटीच्या नियमांत, 1995 च्या, सातवा नियम आहे. तपास अधिकारी नेमताना त्याचा अनुभव बघा, कुवत बघा, आणि न्यायाची जाण बघा, असं म्हटलंय. न्यायाची जाण! ती कुठल्या परेडमधे मोजतात? ती साहेब जेवायला गेल्यावर दिसते.

एवढं लिहून मी हवालदाराला फोन केला. शालीचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "शाल नको रे बाबा, आहे ती बदली पुरे. कोर्टात पंच फितूर होऊ देऊ नका. तेवढं बघा. नायतर मी लिवलेलं सगळं पाण्यात."

जागेच्या पंचनाम्यावर दोन सह्या आहेत. त्यातली एक माझी. तारीख 14 एप्रिलच्या आधीची, आठवड्याच्या मधली. खाडा धरतील, ते चालेल. पण तो बागवाला दर वर्षी त्याचं सगळं भात आमच्याच गिरणीत आणतो, आणि मालकाला मी अजून सांगितलेलं नाही.