चौकशी आणि संशय

पुण्यात लग्न ठरले की पहिली अक्षत कसब्याच्या गणपतीला द्यायची, ही जुनी रीत. ग्रामदैवताचा तो मान. त्याआधी स्थळाची चौकशी झालेली असते. गोत्र, पत्रिका, शिक्षण, पगार, जागा स्वतःची की भाड्याची. स्थळ मध्यम असेल तर ही चौकशी दूरच्या नातलगांपर्यंत पोचते. पण श्रीमंत असेल तर दारातल्या मोटारीपाशीच थबकते. 'एवढ्या मोठ्या माणसांना असे कसे विचारायचे?' म्हणून वडीलमंडळींनी टाळलेला प्रश्न पुढे सहा महिन्यांनी मुलीच्या मनात उगवतो, आणि तिथे तो एकटा असतो.

समजा, अशीच एक मुलगी मोठ्या घरात गेली. दर महिन्याला पतीच्या खात्यातून एका अनोळखी नावाने पैसे जातात. एका गावाचे नाव निघाले की सासूबाई विषय बदलतात. माडीवरचे एक कपाट कधीच उघडत नाही. तिने संशय घ्यावा काय? आपली शिकवण सांगते, संशय ही संसाराची वाळवी आहे. मला हे अर्धेच खरे वाटते.

गोविंद बल्लाळ देवलांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रंगभूमीवर आणल्या. १८९९ सालच्या 'शारदे'त कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. लग्न मोडते ते वर म्हातारा म्हणून नव्हे, सगोत्र निघाला म्हणून! पैशापुढे चौकशी कशी आंधळी होते, ते तिथे दिसते. १९१६ सालच्या 'संशयकल्लोळा'त फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात. एक तसबीर सारा गोंधळ उडवते. खूण पाहिली आणि विचारायचे राहिले, की काय होते ते तिथे दिसते.

म्हणजे दोष शंका येण्यात नाही. विचारण्याची वाट बंद झाली की शंकेचा संशय होतो, आणि ही वाट बहुधा पतीच बंद करतो. कित्येक घरांत ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहून मुलीचे जुने नाव पुसले जाते; तिचे माहेर, तिची मैत्रीण, तिची मार्कशीट, सारे सासरी उघडे असते. त्याचे पूर्वायुष्य मात्र कुलूपबंद. विश्वास हवा, पण तो एकट्या तिनेच का ठेवायचा?

तरीही पतीला स्वतःचे असे काही असूच नये, असे नाही. विरलेले प्रेम, लहानपणचे दारिद्र्य, कुठलासा अपमान या त्याच्या आठवणी आहेत. सांगणे न सांगणे त्याच्याकडे. पण ज्या भूतकाळात दुसऱ्या कोणाचे आयुष्य आजही अडकले आहे, एखादी टाकलेली स्त्री, एखादे मूल, एखादे फसवलेले कुटुंब, तो भूतकाळच नव्हे. तो आजचा संसार आहे, आणि त्यातला निम्मा वाटा तिचा आहे.

कायद्यालाही हे उशिरा कळले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली पत्नी असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरवले. १९७६ च्या दुरुस्तीने, जोडीदाराविषयी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागण्याचीही सोय झाली. मात्र फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत दाद मागावी लागते, आणि कळल्यावरही ती राजीखुशीने नांदत राहिली तर ते दार मिटते. कळल्याच्या दिवसापासून निर्णयाचे ओझे तिच्यावर येते. कित्येकजणी कळूनही न कळल्यासारखे करतात, ते या ओझ्याच्या भीतीने.

तिने चोरून कपाट उघडू नये, शेजारणीलाही विचारू नये. त्यालाच, सरळ, विचारावे. आणि नुसते रागावणे म्हणजे उत्तर नव्हे, हे ओळखावे.

येत्या दिवाळसणाला जावई येतील, ताट मांडले जाईल. माजघरात मुलगी आईजवळ बसून काही बोलू पाहील. 'एवढे चांगले घर मिळाले आहे, उगाच काही मनात आणू नकोस,' हे वाक्य तेवढे आईने गिळावे, आणि तिला बोलू द्यावे.