देशी अध्ययन : अभ्यासविषय कोण, अध्यापक कोण?

देशी अध्ययनाची पदवी आखताना पहिली चर्चा होते ती आशयाची : कोणत्या संहिता, किती श्रेयांक, कसली प्रश्नपत्रिका. वस्तुतः त्याआधीचा प्रश्न नैतिक आहे. ज्यांचे ज्ञान अभ्यासक्रमात येणार, त्यांचे विद्यापीठातील स्थान कोणते? आटपाडीच्या माणदेशी परिसरात हा प्रश्न नीट तपासता येतो.

मुळात ‘देशी’ ही संज्ञाच आपल्याकडे दुहेरी आहे. ‘टीकास्वयंवर’कार (१९९०) भालचंद्र नेमाडे यांची देशीयता ही वासाहतिक ज्ञानव्यवहाराला विरोध करणारी मूल्यसंकल्पना आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथील विद्यापीठांतील अशा अभ्यासशाखा मात्र भूमीवरून हटवल्या गेलेल्या समाजांच्या दाव्यांशी बांधलेल्या आहेत. पहिल्या अर्थाने सारे गावच देशी ठरते. दुसऱ्या अर्थाने गावातही वंचित कोण, हे विचारावे लागते. या दोन अर्थांची गल्लत झाली की जे देशी ते निर्दोष, असे समीकरण तयार होते.

हे समीकरण आटपाडीच्याच एका लेखकाने मोडून काढले आहे. शंकरराव खरात (जन्म १९२१) यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मकथन देशी ग्रामव्यवस्थेविरुद्धची साक्ष आहे. गावाच्या शिवा, वाटा आणि वार्ता तराळाला ठाऊक असत. तोही ज्ञानव्यवहारच होता, परंतु त्याच्या वाट्याला प्रतिष्ठेऐवजी वेठ आली. खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ते पदवी व ग्रंथलेखन यांच्या बळावर. तराळकीतील जाणतेपणाला विद्यापीठात आसन नव्हते.

धनगरांच्या ओवीचे याहून वेगळे नाही. गायन आणि गद्य निवेदन यांची सांगड घालणारी ही परंपरा गुंथर सोन्थायमर यांनी आदराने अभ्यासली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला. दोष व्यक्तीचा नाही, विद्याशाखेच्या रचनेचा आहे : तीत गाणारा ‘माहितगार’ असतो आणि लिहिणारा ‘अभ्यासक’. शिवाय पावसाळा सरला की मेंढपाळ कुटुंबे चाऱ्यासाठी बाहेर पडतात. विद्यापीठाचे दुसरे सत्र भरात येते तेव्हा जाणते वाटेवर असतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा शाळेलाही अर्थ उरत नाही. वस्तीच्या ऋतुचक्राशी नाते न जोडणाऱ्या संस्थेला हा इशाराच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात जागा दिली आहे. ती जागा केवळ ग्रंथस्थ परंपरेने भरली, तर मौखिक ज्ञान परिशिष्टातच राहील.

यावर एक रास्त आक्षेप येतो : परंपरेचा वाहकच अध्यापक झाला, तर चिकित्सा कोण करणार? खरातांचे लेखन याचे उत्तर देते. सर्वांत कठोर चिकित्सा परंपरेचे ओझे वाहिलेल्यांकडूनच आली आहे. म्हणून ओवी आणि ‘तराळ-अंतराळ’ एकाच प्रश्नपत्रिकेत शेजारी असावीत. गायकाला मानधनासह अध्यापकपद व परीक्षणाचा अधिकार असावा, आणि सत्रांची आखणी स्थलांतराच्या वेळापत्रकाने व्हावी. आपल्या विधीतले जे समाजाला सांगायचे नाही, ते न सांगण्याचा हक्कही मान्य व्हावा. हा शेवटचा हक्क विद्यापीठाला सर्वाधिक जड जाईल, कारण सर्व काही ज्ञेय आहे या गृहीतकावरच त्याची उभारणी झाली आहे. पण जिथे नकार देता येत नाही, तिथे दिलेल्या संमतीलाही मोल राहत नाही.